दहावीच्या विज्ञानाची दोन पुस्तके

रविवारची दुसरी मिस्सा आटोपली होती. गर्दी पांगल्यावर धर्मग्रामातील एक गृहस्थ कापडी पिशवीतून दोन पुस्तके काढून माझ्यापुढे उभे राहिले. दोन्ही दहावीच्या विज्ञानाची. दोन्ही राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे आपण ज्याला एनसीईआरटी म्हणतो त्या संस्थेने, काढलेली. एक त्यांच्या थोरल्या मुलीचे, २०१९ सालचे. दुसरे धाकट्या मुलाचे, २०२३ नंतरच्या छपाईचे. “फादर, उद्या रद्दीवाला येणार आहे. ह्यातले कोणते ठेवू?” एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी काही बोलण्याआधी अर्धे उत्तर त्यांनीच दिले. “मला वाटते, नवेच ठेवावे. पातळ आहे, परीक्षेलाही तेच लागते. शिवाय माकडापासून माणूस झाला, ते प्रकरण त्यातून काढून टाकले आहे म्हणे. आपल्या धर्माच्या दृष्टीने बरेच झाले, नाही का?”

प्रश्न व्यवहाराचा होता, पण त्या शेवटच्या वाक्यापाशी मी थबकलो. “दोन्ही पुस्तके दोन आठवडे माझ्याकडे राहू द्या,” असे त्यांना सांगितले आणि रद्दीवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायला लावले. त्या दोन आठवड्यांत हातात पेन्सिल घेऊन मी दोन्ही पुस्तके वाचली. त्या वाचनाचा हा वृत्तान्त आहे.

वाङ्मयीन त्रैमासिकात पाठ्यपुस्तकाची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. आपल्याकडे तीनशे प्रतींच्या कवितासंग्रहावर चार पाने लिहिली जातात. जे पुस्तक लक्षावधी मुले वर्षभर दप्तरातून वाहतात, ज्यातील वाक्ये त्यांना पाठ होतात, आणि ज्यावरून सृष्टीविषयीची त्यांची पहिली समजूत घडते, त्याची समीक्षा कोणीच करीत नाही. आपण पाहतो ती फक्त किंमत आणि गुणपत्रिका. पाठ्यपुस्तक हेही गद्य आहे. त्यालाही रचना असते, युक्तिवाद असतो, सूर असतो. म्हणून त्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे.

आधी दोन्ही पुस्तकांचा परिचय. जुने पुस्तक प्रथम डिसेंबर २००६ मध्ये निघाले. प्रा. यशपाल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली २००५ साली जो राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा तयार झाला, त्यातून ते जन्मले. ह्या मालिकेतील विज्ञान व गणिताच्या पुस्तकांसाठी जे सल्लागार मंडळ होते, त्याचे अध्यक्ष आपले डॉ. जयंत नारळीकर होते. मराठी वाचकाला हे नाव वेगळे सांगायला नको. २०२५ च्या मे महिन्यात ते पुण्यात निवर्तले. त्यांच्या मराठी विज्ञानकथांवर आपल्या दोन पिढ्या वाढल्या, परंतु त्यांच्या हाताखालून गेलेल्या ह्या पाठ्यपुस्तकांची आठवण फारशी कोणी काढली नाही.

नवे पुस्तक हे खरे पाहता नवे लेखन नव्हे. करोनाच्या साथीनंतर विद्यार्थ्यांवरील भार हलका करावा, ह्या हेतूने २०२२ साली परिषदेने वगळावयाच्या भागांची यादी केली. त्या कामाला ‘सुसूत्रीकरण’ असे नाव दिले गेले. २०२३ मध्ये जी पुस्तके छापून आली त्यांत ही काटछाट प्रत्यक्ष दिसू लागली. दहावीच्या विज्ञानात पूर्वी सोळा प्रकरणे होती, आता तेरा राहिली. मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, ऊर्जेचे स्रोत आणि नैसर्गिक संसाधनांचे व्यवस्थापन ही तीन प्रकरणे समूळ गेली. विद्युतप्रकरणातून विजेची मोटर, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि जनित्र गेले. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ ह्या प्रकरणाचे नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी एका खुल्या पत्रावर सह्या करून उत्क्रांतीचा भाग पुन्हा घ्यावा, अशी मागणी केली.

सेमिनरीत आम्हांला बायबलच्या हस्तलिखितांची तुलना कशी करावी, हे शिकविले जाई. एकाच उताऱ्याचे दोन पाठ समोर आले, एक लांब आणि एक आखूड, तर सर्वसाधारणपणे आखूड पाठ अधिक विश्वसनीय मानावा, असा एक नियम होता. नकलनवीस पदरची भर घालतो, काढून सहसा टाकीत नाही, हे त्यामागचे निरीक्षण. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या शेवटाविषयीची चर्चा आम्ही ह्याच नियमाच्या आधारे केली होती. पण आमचे प्राध्यापक लगेच बजावीत : नियम आंधळेपणाने लावू नका. पाठ आखूड का झाला, हे आधी विचारा. नकलनवीसाची नजर एका ओळीवरून तशाच दुसऱ्या ओळीवर घसरली असेल आणि मधला मजकूर गळला असेल, तर तो आखूड पाठ मूळचा नव्हे. तो जखमी पाठ होय. तशा जागी वाक्यांचे सांधे निखळलेले दिसतात. ज्याची तयारी आधी केली आहे ते पुढे येत नाही.

तीच रीत मी ह्या दोन पुस्तकांना लावली, आणि प्रथम जुने प्रकरण वाचले.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पुनरुत्पादनात प्रत्येक पिढीत थोडे थोडे फरक पडतात, इथून ते आरंभ करते. मग मेंडेलचे वाटाणे येतात आणि हे फरक पुढच्या पिढीत कोणत्या हिशेबाने उतरतात, ते कळते. त्यानंतर मुलगा की मुलगी हे कसे ठरते, त्याचा उलगडा. (आपल्या देशातील कित्येक सुनांचे आयुष्य ह्या एका परिच्छेदाने सुसह्य व्हावे, कारण मुलगा न होण्याचा दोष आईचा नाही, हे तो निर्विवादपणे दाखवितो. हा भाग नव्या पुस्तकातही आहे, हे समाधानाने नोंदवितो.) एवढी पायाभरणी झाल्यावर लेखक विचारतात : हे लहान लहान फरक पिढ्यान्पिढ्या साचत गेले तर काय होईल?

उत्तरासाठी ते एक गोष्ट सांगतात. हिरव्या झुडपांत राहणारे बारा लाल भुंगेरे. कावळ्यांना ते पानांवर चटकन दिसतात आणि ते त्यांना टिपतात. एखाद्या वेळी रंगातील बदलामुळे हिरवा भुंगेरा जन्मतो. तो पानांत लपतो, वाचतो, त्याची प्रजा वाढते. ही झाली निसर्गाची निवड. मग तीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने येते. ह्या वेळी भुंगेरा निळा आहे. कावळ्यांना लाल आणि निळा दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून निळेपणाचा काही लाभ नाही. पण एक हत्ती त्या झुडपांवरून जातो, बहुतेक भुंगेरे चिरडले जातात आणि योगायोगाने जे वाचतात त्यांत निळे अधिक असतात. पुढे झुडपांवर निळेच निळे. इथे निवड नाही. केवळ योगायोग आहे. तिसऱ्या कथेत झुडपांना रोग पडतो, भुंगेऱ्यांना खायला पुरत नाही आणि ते रोडावतात. पण रोग ओसरला की पुढची पिढी पुन्हा धष्टपुष्ट होते, कारण उपासमारीने आलेला रोडपणा वारशात उतरत नाही.

तीन छोट्या कथा, आणि तीन कल्पना एकमेकींपासून स्वच्छ वेगळ्या केलेल्या. दृष्टान्त कसा सांगावा, हे धर्मगुरूला शिकावे लागते. रविवारच्या प्रवचनात एका मुद्द्यासाठी एक कथा सापडली तरी आम्ही कृतार्थ होतो. इथे एकच कथा तीनदा किंचित बदलून सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी तो किंचित बदल हाच धडा आहे. शालेय गद्यात इतका नेमकेपणा मी क्वचित पाहिला.

पुढे पुरावे येतात. एकाच रानटी कोबीपासून माणसाने निवड करीत करीत कोबी, फुलकोबी, ब्रोकोली आणि नवलकोल कसे काढले, हे सांगताना पुस्तक आपल्या भाजीच्या टोपलीतच बोट घालते. जीवाश्मांच्या चित्रांत आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या राजासॉरस ह्या डायनोसॉरची कवटी आहे. उत्क्रांती म्हणजे प्रगतीची शिडी नव्हे, नंतर आलेला जीव आधीच्याहून श्रेष्ठ ठरतोच असे नाही, हेही लेखक आवर्जून सांगतात.

आणि शेवटी मानव. माझ्या त्या गृहस्थांना ज्याची धास्ती होती ते ‘माकडापासून माणूस’ हे वाक्य मी जुन्या पुस्तकात शोधले. ते तिथे नाही. उलट, ही समजूत चूक आहे, माणूस चिंपांझीपासून झालेला नाही, दोघांचा फार प्राचीन काळी एक समान पूर्वज होता, असे ते स्पष्ट करते. त्याहून मोलाचे आहे ते मानववंशाविषयीचे विवेचन. कातडीचा रंग, नाकाची ठेवण, उंची ह्यांवरून माणसांचे वेगवेगळे ‘वंश’ मानण्याला जीवशास्त्रात कसलाही आधार नाही. आपण सारे एकाच जातीचे आहोत आणि आपल्या सर्वांची मुळे आफ्रिकेत आहेत, असे ते प्रकरण सांगते आणि तिथेच संपते.

हा भाग वाचताना मला आमच्याच कार्यालयातील टेबल आठवले. लग्नाची नोंदणी करण्यासाठी माणसे तिथे बसतात. मुलगी गोरी आहे की सावळी, घराणे कोणत्या आळीतले, कोणत्या समाजाचे, ह्याची चौकशी ज्या घरांत होते त्यांत आपली कॅथोलिक घरेही आहेत, हे मी तीन दशकांच्या अनुभवाने जाणतो. सर्व माणसे एका पित्याची लेकरे आहेत, हे आम्ही वेदीवरून सांगतो. दहावीचे ते पुस्तक आपल्या मार्गाने त्याच दारापर्यंत मुलाला आणून सोडीत होते. नव्या पुस्तकातून नेमका हाच भाग गेला. ह्या एका गोष्टीची हळहळ मला सर्वांत अधिक वाटली.

आता नवे प्रकरण. त्यात फरकांचा संचय आहे, मेंडेल आहे, लिंगनिश्चिती आहे, आणि तिथेच प्रकरण आटोपते. जे उरले आहे ते चुकीचे नाही. वाक्येही बव्हंशी तीच आहेत. पण सेमिनरीतील आमच्या प्राध्यापकांनी सांगितलेली खूण इथे दिसते : सांधे निखळले आहेत. आरंभीच, उष्णता सोसू शकणारे जीवाणू उष्णतेच्या लाटेत तगून राहतात, हे उदाहरण अजून आहे. ते मुळात उत्क्रांतीच्या विवेचनाची पेरणी म्हणून आले होते. पेरणी राहिली, पीक कापून नेले. फरक साचतात, पण साचून पुढे काय होते? वारशाचे नियम कळले, पण ते कळून सृष्टीतील कोणते कोडे उलगडले? जिज्ञासू मुलगा हे विचारणार, आणि पुस्तक गप्प राहणार.

मेंडेल राहिला आणि डार्विन गेला, ह्यात आपल्या काही मंडळींना सुखद योगायोग वाटेल. ग्रेगोर मेंडेल आपलाच माणूस : ब्रनो येथील अगस्टीनियन मठातील व्रतस्थ, १८४७ साली दीक्षित झालेला धर्मगुरू, १८६८ पासून मठाधिपती. आजाऱ्यांचे दुःख पाहवेना म्हणून त्याला धर्मग्रामाच्या सेवेतून काढून शिक्षकाचे काम दिले होते आणि शिक्षकाच्या पात्रता-परीक्षेत तो नापास झाला होता. हा तपशील मला त्याच्या जवळ नेतो. मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ पर्यंत त्याने वाटाण्याच्या सात गुणांचा पाठपुरावा केला, १८६५ साली आपला निबंध स्थानिक निसर्ग-अभ्यास मंडळापुढे वाचला आणि पुढच्या वर्षी तो छापून आला. जगाने त्याची दखल घेतली ती १९०० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी.

पण ह्याच मेंडेलने डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’चे जर्मन भाषांतर १८६३ च्या सुमारास मिळवून पेन्सिलीने खुणा करीत वाचले होते. ती प्रत आजही जपून ठेवलेली आहे. मठातील धर्मगुरूला ते पुस्तक वाचण्यासारखे वाटले. डार्विनची अडचण अशी होती की निवड झालेला गुण पुढच्या पिढीत विरून का जात नाही, हे त्याला सांगता येत नव्हते. उत्तर मेंडेलच्या निबंधात होते, पण ते त्याच्यापर्यंत पोहोचलेच नाही. १९३० ते १९५० च्या दरम्यान ज्या शास्त्रज्ञांनी ह्या दोघांचे विचार एकत्र गुंफले, त्यांत पुढे भारताचे नागरिक झालेले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तलेले जे. बी. एस. हाल्डेन होते. जुन्या पुस्तकात त्यांचा उल्लेख आहे. मेंडेलला डार्विनपासून तोडल्याने त्या धर्मगुरूचा सन्मान होत नाही. त्याच्या वाटाण्यांचा अर्थच त्यामुळे अर्धा राहतो.

मग धर्माचे काय? माझ्या त्या गृहस्थांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तरही स्पष्ट द्यायला हवे. डार्विनचा तो ग्रंथ ख्रिस्तसभेने निषिद्ध ग्रंथांच्या यादीत कधीच घातला नाही. पोप बारावे पायस ह्यांनी १२ ऑगस्ट १९५० च्या ‘हुमानी जेनेरिस’ ह्या विश्वपत्रात म्हटले की, मानवी शरीर पूर्वी अस्तित्वात असलेल्या सजीव द्रव्यातून आले का, ह्याचा शोध जाणकारांनी घ्यावा. आत्मा मात्र परमेश्वर स्वतः निर्माण करतो, ही श्रद्धा अबाधित ठेवावी. संत पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी २२ ऑक्टोबर १९९६ रोजी व्हॅटिकनच्या विज्ञान अकादमीला लिहिताना, हा सिद्धान्त आता निव्वळ तर्क राहिलेला नाही, असे मान्य केले. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१४ मध्ये त्याच अकादमीपुढे, उत्क्रांती आणि निर्मिती ह्यांत विरोध नाही, असे सांगितले. उत्पत्तीच्या पुस्तकाचा आरंभ हा जीवशास्त्राचा पाठ नाही. सृष्टी कोणाची आणि कशासाठी, हे तो सांगतो. हे आम्हांला सेमिनरीच्या पहिल्या वर्षांतच शिकविले जाते. ते आम्ही प्रवचनांतून पुरेसे सांगितले नाही, हा दोष आमचा. तो सांगितला असता तर धर्माच्या नावाने पाने गळाल्याचा आनंद त्या सज्जन गृहस्थाला झाला नसता.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुस्तकातील ओळी पुसण्याचा अनुभव आपल्या घराण्यालाही आहे. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला. तो स्वतः फ्रॉमबोर्कच्या कॅथीड्रलचा कॅनन होता आणि ग्रंथ त्याने पोप तिसरे पॉल ह्यांना अर्पण केला होता. तरी १६१६ मध्ये ‘दुरुस्ती होईपर्यंत’ त्याच्या वाचनावर रोमने बंदी घातली आणि १६२० साली दुरुस्त्यांची यादी काढली. पृथ्वी फिरते, असे जिथे ठाम म्हटले असेल तिथे ते केवळ गणिताच्या सोयीसाठी मानले आहे, असे करावे. नवी आवृत्ती छापली नव्हती. ज्याच्याजवळ ग्रंथ असेल त्याने स्वतः शाई घेऊन त्या ओळी खोडावयाच्या होत्या. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ ओवेन गिंगरिच ह्यांनी कित्येक वर्षे देशोदेशीच्या ग्रंथालयांत फिरून त्या ग्रंथाच्या पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सुमारे सहाशे प्रती शोधल्या. इटलीतील निम्म्याहून अधिक प्रतींत ओळी खोडलेल्या निघाल्या. इटलीबाहेर ते क्वचितच कोणी केले होते. पृथ्वी अर्थातच फिरत राहिली. तो ग्रंथ निषिद्ध यादीतून पूर्णपणे निघायला १८३५ साल उजाडले, आणि गॅलिलिओच्या प्रकरणात चूक झाली हे पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी जाहीरपणे मान्य केले. ज्यांच्या घरी हा इतिहास आहे, त्यांनी पुस्तकातून पाने गळाली म्हणून टाळ्या वाजवू नयेत.

परिषदेने श्रद्धेपायी ही काटछाट केली, असे मी म्हणत नाही. तिने दिलेली कारणे भाराची आणि पुनरुक्तीची आहेत, आणि त्यांना न्याय दिला पाहिजे. दहावीच्या मुलांवरचे ओझे मी पाहतो. पहाटेचा क्लास, शाळा, पुन्हा क्लास. रविवारच्या मिस्सेत ही मुले डुलक्या घेतात आणि मी त्यांना रागावत नाही. उत्क्रांतीचे प्रकरण बारावीच्या जीवशास्त्रात आहे आणि मूलद्रव्यांची सारणी अकरावीच्या रसायनशास्त्रात आहे, हेही खरे. पण विज्ञान सर्वांना सक्तीचे असते ते दहावीपर्यंतच. पुढे वाणिज्य घेणारी मुलगी, कला शाखेतला मुलगा, आय. टी. आय.ला जाणारा फिटर ह्यांना बारावीचे ते प्रकरण कधीच भेटणार नाही. उद्या तेच पालक होतील, मतदार होतील, नगरसेवकही होतील. ओझे कमी करायचे तर पाठांतराचे करावे. ज्या एका कल्पनेने जीवशास्त्रातील सारी माहिती एकत्र बांधली जाते, ती सोडली तर उरलेले सुटे तुकडे अधिकच जड होतात. आवर्ती सारणीचेही तेच. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये जागा रिकाम्या सोडल्या आणि तिथे काय सापडेल ते आधी सांगितले. १८७५ मध्ये गॅलियम सापडले आणि त्याचे म्हणणे खरे ठरले. विज्ञान कसे चालते, हे शिकवायला ह्याहून चांगली कथा कोणती?

जुने ते सर्व सोने, असेही मला म्हणायचे नाही. विज्ञानाच्या पुस्तकाची नवी आवृत्ती हवीच. ऑगस्ट २००६ मध्ये प्राग येथे खगोलशास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांच्या पंक्तीतून उठविले, तेव्हा ज्या पुस्तकांनी नऊचे आठ ग्रह केले ती खरोखर नवी झाली. २००६ च्या ह्या पुस्तकातही सुधारण्याजोगे पुष्कळ होते. जीवाच्या उगमाविषयीची चौकट १९५३ च्या मिलर-युरी प्रयोगावर थांबते. पृथ्वीचे आदिम वातावरण त्या प्रयोगात मानले तसे नसावे, ही शास्त्रज्ञांची पुढची चर्चा तिथे यायला हवी होती. डोळ्याच्या उत्क्रांतीचा परिच्छेद इतका दाटीचा आहे की मला तो दोनदा वाचावा लागला. मानवाच्या भागात मोरोक्कोतील जेबेल इरहूद येथील सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या अवशेषांची भर घालता आली असती, ज्यांचा वृत्तान्त २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन हाडांतून निअँडरथल मानवाचे जनुकीय वाचन करणाऱ्या स्वांते पेबो ह्यांना २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेही यायला हवे होते. अशी भर घातली असती तर मी नव्या पुस्तकाचे स्वागत केले असते. नवी माहिती मिळाली म्हणून जे बदलते ते नवे. जे केवळ आखूड होते, ते छपाईच्या सालापुरतेच नवे असते.

ज्या घरांत मराठी माध्यमाची पुस्तके आहेत त्यांना एक आनंदाची गोष्ट सांगायची आहे. बालभारतीने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ ह्या पुस्तकात हे दोन्ही विषय आहेत. पहिल्या भागात मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण, आणि दुसऱ्या भागाचे पहिलेच प्रकरण ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. अवशेषांगे, जीवाश्म, जोडणारे दुवे असे नेमके मराठी शब्द त्यात आहेत. भुंगेऱ्यांच्या कथेचा डौल त्याला नाही. मांडणी यादीवजा आहे. पण जे सांगायचे ते चोरून ठेवलेले नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये राज्यातील शाळांत केंद्रीय मंडळाच्या धर्तीचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याचे जाहीर केले. तो दहावीपर्यंत पोहोचेल तेव्हा आपल्या पुस्तकाने कोणत्या आवृत्तीचे अनुकरण करावे, हा प्रश्न पालक-शिक्षक सभांत विचारला गेला पाहिजे. आपल्या संस्थांच्या शाळांत तो आपणच विचारायला हवा.

दोन आठवड्यांनी ते गृहस्थ आले तेव्हा धाकटा मुलगाही बरोबर होता. मी पुस्तके परत केली आणि म्हणालो, परीक्षेपर्यंत नवे हाताशी असू द्या. गुण त्यावरच मिळणार. जुने मात्र रद्दीत घालू नका. परीक्षा संपली की त्याचे नववे प्रकरण ह्याला सावकाश वाचू द्या, तुम्हीही वाचा, आणि अडेल तिथे थोरलीला विचारा. तिने ते शिकले आहे. ‘माकडापासून माणूस’ कुठे लिहिले आहे, तेही शोधून पाहा. सापडले तर मला येऊन दाखवा.

मुलाने तिथेच उभ्या उभ्या जुने पुस्तक उघडले. राजासॉरसच्या कवटीवर बोट ठेवून त्याने विचारले, “फादर, हे खरेच आपल्या नर्मदेजवळ सापडले?” मी हो म्हणालो. त्याचे वडील पिशवी उघडी धरून उभे होते, पण मुलाने पुस्तक पिशवीत टाकले नाही. ते हातात घेऊनच तो घरी गेला.